अंतराळवीराचं आइस्क्रीम: पाचपैकी दोन, आणि तेही सादळल्यावर

पाकीट कात्रीनं कापलं आणि आतून आधी भुगाच पडला. गुलाबी, पांढरा, तपकिरी. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटवर रांगोळीची डबी उपडी व्हावी तसा. मागून चार तुकडे निघाले, त्यातला एकच जरा बरा, अंगठ्याएवढा.

माझ्या भाच्यानं हे अमेरिकेतल्या एका संग्रहालयाच्या दुकानातून आणलं. गोठवून सुकवलेलं, म्हणजे फ्रीझ-ड्राय केलेलं आइस्क्रीम. चॉकलेट, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी अशा तीन पट्ट्यांची एक वडी. पाकिटावर पांढऱ्या पोशाखातला अंतराळवीर, मागे काळंभोर आकाश. वजन २१ ग्रॅम. किंमत त्यानं सांगितली नाही, पण अर्धवट खरवडलेल्या लेबलावर सहा डॉलरच्या आसपासचा आकडा दिसत होता. म्हणजे पाचशेच्या वर रुपये. तेवढ्यात माझ्याकडे पाच माणसं जेवून जातात.

"मावशी, हे तुझ्यासाठी. तू जाणार होतीस ना वर?"

जाणार होते. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून सॅल्यूत ७ या सोव्हिएत अवकाश स्थानकावर निघाले तेव्हा मी चौथीत होते. आम्ही नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडिलांनी रेडिओ खिडकीत आणून ठेवला होता. वरून भारत कसा दिसतो या इंदिराबाईंच्या प्रश्नाला जे उत्तर आलं, ते त्या उन्हाळ्यात आमच्या आवारातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होतं. मी पेपरातला फोटो कापून कंपासपेटीच्या झाकणात चिकटवला आणि शाळेत बाईंना सांगितलं, मी अंतराळवीर होणार. बाई म्हणाल्या, "आधी तेराचा पाढा म्हण."

तेरा साते अजून अडखळतं. आता पोळी-भाजी केंद्र चालवते, रोज साडेचारशे पोळ्या जातात. अवकाशात जायचं राहिलं ते राहिलंच, पण तिथे माणसं काय खातात आणि कशी खातात, या विषयात मला हरवून दाखवावं कुणीही. त्यामुळे हा अभिप्राय जरा लांबेल.

आधी चव. अंगठ्याएवढा तुकडा तोंडात टाकला. पहिल्या क्षणाला थर्माकोल. मग दाताखाली करकर, आणि लगेच बत्ताशासारखं विरघळतं. बत्तासा गेला की तोंड मोकळं होतं. इथे दूध पावडरीचा लेप टाळूला चिकटतो, जीभ फिरवत बसा. गोड बेदम. व्हॅनिलाची पट्टी बरी आहे. चॉकलेटमध्ये कोको कमी आणि साखर फार. स्ट्रॉबेरीला लहानपणीच्या गुलाबी गारीगारचा वास येतो, हे मी कौतुकानं म्हणतेय की तक्रारीनं, माझं मलाच ठरवता येत नाहीये. पण ते गार नसतं. जीभ गार व्हायची वाट बघत राहते आणि गारवा काही येत नाही. आइस्क्रीम म्हणून यापेक्षा मोठी फसगत नाही.

अलका पोळ्या लाटता लाटता वाकून बघत होती. तिला एक तुकडा दिला. चघळून म्हणाली, "ताई, याच्यात पाणी घालायचं राहिलं का?"

प्रश्न बरोबर होता. वाळवण आपल्याला नवं नाही. कुरडया, सांडगे उन्हात घातले की पाणी उडतं आणि वस्तू आक्रसते. फ्रीझ-ड्रायमध्ये ती आक्रसू देत नाहीत. आधी कडक गोठवतात, मग हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवतात. तिथे दाब इतका कमी असतो की बर्फाचं पाणी होतच नाही, सरळ वाफ होते. देवघरातला कापूर डबीतल्या डबीत कमी होतो ना, तसं. बर्फ होता तिथे भोकं उरतात. म्हणून वडीचा आकार तोच राहतो आणि वजन कापसाचं होतं. पुढे कोळंबी, मटार, कॉफी असल्या गोष्टींवर पाणी ओतलं की ती भोकं भरतात आणि पदार्थ पुन्हा जागा होतो. आइस्क्रीम होत नाही. मी वाटीत एक तुकडा घेऊन चमचाभर पाणी घातलं, तर गुलाबी दूध झालं. आइस्क्रीमचा सगळा जीव बर्फाच्या बारीक कणांत आणि घोटताना भरलेल्या हवेत असतो, तो एकदा मोडला की मोडला.

मग वर नेण्यासाठी वस्तू सुकवायच्या कशाला? नुसत्या टिकाऊपणासाठी नव्हे. अपोलो यानांत वीज फ्युएल सेलमधून मिळायची. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आणले की वीज मिळते आणि सोबत पाणी तयार होतं. पाणी जर वरच होणार असेल, तर भाजीतलं पाणी जमिनीवरून कशाला उचलून न्यायचं? सुकं न्या, वर भिजवा. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा मांडलं, त्याच्या घरी कोकणातली आजी असणार असं मला उगाच वाटतं. आताच्या अवकाश स्थानकावर वीज सूर्याच्या पाट्यांतून येते, त्यामुळे ते आयतं पाणी नाही. घाम, श्वासातली वाफ, मूत्र असं सगळं गाळून पुन्हा प्यायचं. २०२३ पर्यंत ९८ टक्के पाणी परत मिळवण्याइतकी ती यंत्रणा सुधारली. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरवाला दोन दिवस फिरकत नाही तेव्हा मला हा आकडा आठवतो.

आता माझी खरी तक्रार, आणि ती भुग्याची आहे.

ओट्यावरचा भुगा मी मसाल्याच्या काट्यावर तोलला. चार ग्रॅम. २१ पैकी चार ग्रॅम खाण्याआधीच सांडलं. इथे सांडलं तर फडकं मारता येतं. खरं तर फडकं घ्यायच्या आधीच मुंग्यांनी रांग लावली होती. वर वजनच नाही, त्यामुळे सांडणं हा प्रकारच नाही. कण हवेत तरंगत राहतो. तो डोळ्यात जातो, श्वासाबरोबर नाकात जातो, हवा गाळणाऱ्या जाळीवर बसतो, यंत्राच्या फटीत शिरतो. म्हणून तिथे मीठसुद्धा चिमटीनं घालत नाहीत, पाण्यात विरघळवलेलं थेंबानं घालतात. मिरपूड तेलात कालवलेली असते. २३ मार्च १९६५ ला जेमिनी ३ यानात जॉन यंग यांनी खिशातून लपवून एक सँडविच नेलं. सोबतचे गस ग्रिसम यांनी चावा घेतला, पावाचे कण उडायला लागले, सँडविच मुकाट्यानं खिशात गेलं. एवढ्याशा पावावरून पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये चौकशी झाली. त्या काळात एका घासाचे चौकोनी तुकडे न्यायचे, आणि भुगा पडू नये म्हणून त्यांना वरून जिलेटिनचा लेप द्यायचे.

आणि त्याच काळात हे भुसभुशीत आइस्क्रीम वर नेलं असेल?

सांगतात तसं. नासासाठी ते बनवलं गेलं हे खरं, आणि ऑक्टोबर १९६८ मधल्या अपोलो ७ वर ते गेलं अशी कहाणी वर्षानुवर्षं सगळीकडे फिरते. त्या यानात तिघे होते. कमांडरचं आडनाव शिरा. वॉली शिरा, खरंच. (हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटीच दहा मिनिटं हसत होते.) दुसरे डॉन आयझली, तिसरे वॉल्टर कनिंगहॅम. पुढे कनिंगहॅम यांना कुणीतरी विचारलं, तेव्हा असं आइस्क्रीम आमच्याकडे नव्हतंच, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणजे या पाकिटावरच्या अंतराळवीरानं आतला माल कधी खाल्लेला नाही. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर बाळ असतं, पण आत बाळ नसतं हे आपल्याला माहीत असतं. इथे मात्र पोरं विश्वासानं घेतात.

खरं आइस्क्रीम अवकाशात गेलं ते १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अवकाश स्थानकावर. तिथे जेवायचं टेबल होतं आणि डीप फ्रीझर होता, त्यात साधं, गार, चमच्यानं खायचं आइस्क्रीम होतं. स्कायलॅब म्हटल्यावर माझ्या वयाच्या माणसांना काय आठवतं ते सांगायला नको. १९७९ च्या जुलैमध्ये ती डोक्यावर पडणार म्हणून आईनं मला दोन दिवस अंगणात जाऊ दिलं नव्हतं. शेजारच्या आजी जप करत बसल्या होत्या. ११ जुलैला ती पडली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात. आपण जिला एवढे घाबरलो तिच्यात एके काळी आइस्क्रीम होतं, हे आईला आता सांगितलं, तर म्हणाली, "मग पडली असती तर काय बिघडलं असतं!"

आता पाकिटाचं दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगते, कारण पाचपैकी दोन तारे त्याचेच आहेत. उरलेला तुकडा मी स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण नीट बसलं नव्हतं. श्रावणातली हवा. सकाळी बघते तर सादळलेला. करकर गेली होती, तुकडा मऊ, चिवट, बोटाला चिकटणारा, दुधाच्या टॉफीसारखा झाला होता. चवीला कालच्यापेक्षा चांगला. आणि मुख्य म्हणजे भुगा एक कणही पडत नव्हता. पाचशे रुपयांचं अंतराळवीराचं आइस्क्रीम नाशिकच्या दमट हवेत एक रात्र राहिल्यावर अवकाशात न्यायच्या लायकीचं झालं.

वर न्यायच्या पदार्थाचा पहिला गुण हाच आहे, चिकटपणा. वजन नसलं तरी ओल्या पदार्थाला स्वतःची पकड असते, त्यामुळे तो चमच्याला धरून राहतो. तिथे अन्न पाकिटातच भिजवतात किंवा गरम करतात, कात्रीनं तोंड कापतात आणि लांब दांड्याच्या चमच्यानं खातात. कात्री हे तिथलं खरं भांडं. भात मोकळा झाला तर पंचाईत, आसट हवा. माझ्याकडे नवीन मुलीचा भात गच्च झाला की मी ओरडते. आता म्हणेन, जा बाई, तुला ह्यूस्टनला नासात नोकरी आहे.

मग मी दुपारच्या गर्दीनंतर चमचा उलटा धरून एकेक पदार्थ पाहिला. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, इथे खाली ओढणारी पृथ्वी आहे, पण अंदाज येतो. श्रीखंड: चमचा झटकला तरी हलत नाही, पहिला नंबर. शिरा: गरम असताना पास, गार झाल्यावर रवा सुटतो. वरण-भात कालवलेला: पास. पोहे: नापास, खोबऱ्यासकट. चिवडा, शेव, फरसाण यांचं तर नावच काढू नका, दिवाळी वर होणं नाही. शेंगदाण्याची चटणी कोरडी नापास, दह्यात कालवली तर पास. साबुदाण्याची खिचडी माझी सुटसुटीत होते, म्हणून नापास. शेजारच्या वहिनींची गोळा होते, ती पास झाली असती.

शिऱ्याबद्दल मी उगाच बोलत नाहीये. राकेश शर्मांसोबत म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं दिलेल्या पदार्थांत सुजीचा हलवा, आलू-छोले आणि भाज्यांचा पुलाव होता. सुजीचा हलवा म्हणजे आपला शिराच. चौथीत असताना हे कळलं असतं तर मी आईला जास्त शिरा करायला लावला असता, सराव म्हणून. आणि गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेले तेव्हा गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले. पंतप्रधानांशी बोलताना त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी पातेल्यात पळी तशीच सोडून मोबाइलसमोर उभी राहिले. आमरस! पाकिटातून चोखायचा, म्हणजे लहानपणी रायवळ आंबा माचून चोखायचो तसाच. त्यांनी प्रयोगासाठी मेथी आणि मूगही नेले होते, तिथे ते रुजवून पाहिले. मोड आलेल्या मुगाची उसळ माझ्याकडे दर मंगळवारी असते. सांगून ठेवते.

एक अडचण मात्र शिऱ्यानं सुटत नाही. वजन नसलं की अंगातलं पाणी वर सरकतं, तोंड सुजल्यासारखं होतं, नाक चोंदतं. नाक चोंदलं की चव गेली. म्हणून अंतराळवीर झणझणीत मागतात. तिखट सॉस आणि नाकात जाणाऱ्या झोंबऱ्या मुळ्याची चटणी लावलेली कोळंबी यांना तिथे वर्षानुवर्षं मागणी आहे. अपोलो ७ वर तर तिघांना खरोखरची सर्दी झाली होती आणि चिडचिड इतकी वाढली की जमिनीवरच्या लोकांशी खटके उडाले. त्यांना आइस्क्रीम कशाला, ठेचा द्यायला हवा होता. तेल जरा सढळ घालून, म्हणजे मिरचीचं बी उडणार नाही.

आणि ढेकर. जेवण झाल्यावर ढेकर आली नाही तर आपल्याकडे जेवण झालंसं वाटत नाही. वर पोटात हवा वर आणि अन्न खाली असं वेगळं होतच नाही, त्यामुळे ढेकरेबरोबर काय येईल याचा नेम नाही. १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून दोन कोला कंपन्यांनी आपापले खास डबे पाठवले होते, पण सोड्याचं प्रस्थ तिथे काही वाढलं नाही. सोलकढी पाठवायला हरकत नाही.

पावाचा प्रश्न कुणी सोडवला? मेक्सिकोचे रोदोल्फो नेरी वेला नोव्हेंबर १९८५ मध्ये अटलांटिस यानातून गेले आणि सोबत टॉर्टिया घेऊन गेले. टॉर्टिया म्हणजे पोळीची सख्खी बहीण. वाकते, गुंडाळते, भुगा पाडत नाही. तेव्हापासून वरच्या स्वयंपाकात पावाची जागा तिनं घेतली ती घेतलीच. हे वाचल्यापासून मला अपमान झाल्यासारखं वाटतं. साडेचारशे पोळ्या रोज लाटणाऱ्या बाईला हे १९८५ च्या आधी सुचायला हवं होतं, मी पाचवीत होते तरी.

त्यातून प्रवासाला आपली दशमी आहेच. पाण्याचा थेंब नाही, दुधात भिजवलेली कणीक, तूप लावून मऊ भाजलेली. आजी पंढरपूरला जाताना हाताच्या जाडीची चळत फडक्यात बांधून न्यायची आणि तिसऱ्या दिवशी ती दशमी पहिल्या दिवसापेक्षा नरम लागायची.

पण तीन दिवस म्हणजे काहीच नाही. आणि इथे मला माझ्या परवान्याच्या प्रशिक्षणाची आठवण झाली. तिथे एक शब्द शिकवला होता, हॅसॅप. पदार्थ तयार झाल्यावर तपासायचा नाही, तर कच्च्या मालापासून प्रत्येक टप्प्यावर कुठे बिघडू शकतं ते आधी हेरून तिथे पहारा ठेवायचा. हे आम्हाला हॉटेलांचा नियम म्हणून सांगितलं. निघालं ते १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या जेवणातून, नासा, अमेरिकी लष्कराची प्रयोगशाळा आणि पिल्सबरी कंपनी यांच्या कामातून. बंद यानात एकाला जुलाब लागले तर काय होईल याची कल्पना करा. नुसती तयार पाकिटं फोडून तपासायची म्हटली तर खात्री होईपर्यंत न्यायला पाकीटच उरत नव्हतं. म्हणून मग टप्प्याटप्प्याचा पहारा आला. मी रोज पिठाच्या डब्यावर तारीख घालते, फ्रीजचं तापमान वहीत लिहिते, ते अवकाशातून खाली आलंय. माझ्या वहीचा आणि अपोलोचा एवढा संबंध आहे, आणि भाच्याला वाटतं मी वर गेलेच नाही.

तर आइस्क्रीमचा निकाल. शाळेतल्या मुलाला वाढदिवसाला द्यायला ठीक आहे, फोडताना खाली ताटली धरा. स्वतः खायला घेऊ नका, दोनशे रुपयांत खरी मस्तानी मिळते. घेतलंच तर एक रात्र पावसाळी हवेत ठेवा.

पाकीट मात्र झकास आहे. आतून चंदेरी, जाड, हवा नि ओल दोन्ही आत येऊ न देणारं. मी ते धुऊन, पुसून, उन्हात कोरडं केलं. सोमवारी दोन दशम्या केल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त भाजल्या, पूर्ण गार केल्या, त्यात भरल्या आणि आमच्या गल्लीतल्या सुक्यामेव्याच्या दुकानात नेऊन हवा काढून सील करून आणल्या. दुकानदार म्हणाला, "वहिनी, हे कुठं पाठवायचंय?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. खाणार नाहीये, हवाबंद ओलसर वस्तू बाहेर ठेवून खाऊ नये एवढं प्रशिक्षणात शिकले आहे. फक्त बघतेय. पाकीट देवघरावरच्या फळीवर ठेवलंय, अंतराळवीराचं तोंड बाहेर करून.

आज पाचवा दिवस. अजून फुगलेलं नाही.